कासवासाठी हिवाळी परसबाग

मंडळी, आजचा विषय थोडा वेगळा आहे. बुलढाण्यात परसबागेबद्दल बोलायचं म्हणजे मेथी, पालक, वांगी. पण कासवाचं पोट समोर ठेवून वाफा आखायचा, तर यादी बरीच बदलते. ती का बदलते, एवढंच आज समजून घेऊ.

आधी कायद्याचं बोलतो. आपल्याकडचं चांदणी कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. विहिरीत आणून सोडतात ते पाण्यातलं मऊ पाठीचं कासवही त्याच यादीत आहे. ही कासवं घरात ठेवता येत नाहीत. कुणाकडे असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं, गुपचूप रानात सोडू नये. मग घरी असतं ते कोणतं? बहुतेक वेळा आफ्रिकेचं सुल्काटा. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. आजचं बोलणं अशा नोंदणीकृत कासवाबद्दल आहे.

सुल्काटा हा गवत खाणारा प्राणी आहे. गाईसारखाच तोही तंतुमय चाऱ्यावर जगतो, फक्त चारा आंबवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यात चालतं. आपण मात्र प्रेमाने काकडी, टोमॅटो, केळं, कधी दूध-पोळीसुद्धा देतो. तो आवडीने खातो आणि आपल्याला वाटतं, छान चाललंय. पण काकडीत जवळजवळ सगळं पाणीच. फळांतल्या साखरेने आतड्यातलं आंबवण्याचं काम बिघडतं. आणि वाढत्या वयात कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ राहतं, पाय वाकतात. हे महिनोन्‌महिने दिसत नाही. दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

म्हणून पहिला नियम असा, की रोजच्या खाण्यात निम्म्याहून बराच जास्त भाग गवताचा हवा. हिरवी हरळी बारमाही मिळते. कार्तिकात बांधावरचं मारवेल कापून, वाळवून ठेवलं तर उन्हाळ्यापर्यंत पुरतं. वाफा आहे तो उरलेल्या भागासाठी.

त्या वाफ्यात काय लावायचं? करडई, मेथी, मुळ्याचा पाला आणि कडेला थोडा लसूणघास. लसूणघासात प्रथिनं जास्त असतात, म्हणून तो चवीपुरता. पाथरी तर पेरावीही लागत नाही, रब्बीच्या शेतात आपोआप येते. तोडल्यावर पांढरा चीक येतो तीच. परदेशात कासवांना ज्या रानभाज्या आवर्जून देतात, त्यांच्याच कुळातली ही आहे. कुंपणाला शेवगा आणि जास्वंद लावा. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असतं, आणि जास्वंदीचं पान-फूल दोन्ही चालतं.

आता पालक, चाकवत, चुका, राजगिरा यांचं काय? आपल्यासाठी उत्तम. पण यांत ऑक्झॅलेट जास्त असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. एखाद्या दिवशी चार पानं खाल्ली तर बिघडत नाही, रोजचा आहार मात्र तो नव्हे.

पेरणी दसरा ते दिवाळीच्या दरम्यान सुरू करा. सगळं एकदम पेरू नका. वाफ्याचे तीन भाग करा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक भाग पेरा. मेथी महिन्याभरात कापणीला येते, म्हणजे पाला होळीपर्यंत थोडाथोडा मिळत राहतो. काळी जमीन पाणी धरून ठेवते, तेव्हा वाफा थोडा उंच करा. खाली पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूर भागात, खाऱ्या पाण्यावर मेथी नीट येत नाही. तिथे करडईवर भर द्या. वाफ्याला पक्कं कुंपण हवंच. सुल्काटा बिळं खणणारा प्राणी आहे, एका दुपारीत वाफा उलथून टाकेल. पाला कापून त्याच्यापुढे टाका.

फवारणी झालेल्या कपाशीच्या किंवा हरभऱ्याच्या शेतातलं तण आणू नका. गाजरगवत, धोतरा, रुई, कण्हेर यांचं पानही त्या ढिगात येता कामा नये.

आणखी एक गोष्ट हिवाळ्याची. हे कासव शीतनिद्रा घेत नाही. बुलढाणा शहर डोंगरावर आहे, रात्री चांगल्याच गारठतात. अंग थंड असताना पोटातला चारा पचत नाही. म्हणून सकाळी आधी ऊन, मग खाणं. दहाच्या पुढे द्या, आणि संध्याकाळी उशिरा देऊ नका. रात्री कोरडी, उबदार खोली हवी. उन्हाचं दुसरंही काम आहे. त्यातल्या अतिनील किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याशिवाय शेवग्याचं कॅल्शियमही वाया जातं. काचेआडचं ऊन त्यासाठी उपयोगाचं नाही. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस जवळ ठेवला तर लागेल तसा तो कुरतडतो.

शेवटी एवढंच सांगतो. तळहातावर मावणारं हे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि सत्तर वर्षंही जगू शकतं. तेव्हा वाफा आखताना आपल्यामागे पाला कोण कापणार, हेही घरात बोलून ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.