हरवलेल्या फायलींचा शोध

नवी दिल्लीतील जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत उभी आहे. १८९१ साली कलकत्त्यात स्थापन झालेला सरकारी दप्तरखाना राजधानीबरोबर दिल्लीस आला आणि १९२६ साली त्याची ही वास्तू पूर्ण झाली. तेथील जुन्या कागदांना कसर लागते, ओल लागते, त्यांची शाई फिकी पडते. परंतु अर्धा कागद गेला तरी उरलेला अर्धा वाचता येतो. याच शहराच्या दक्षिण भागात नेहरू प्लेस ही संगणकांची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. तेथील दुकानांत माणसे एक लहानशी धातूची पेटी जपून घेऊन येतात. कुणाचा अनेक वर्षांच्या श्रमाचा प्रबंध, कुणाच्या व्यापाराचे हिशेब, कुणाच्या दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे त्या पेटीत असतात. पेटी बाहेरून धडधाकट दिसते. परंतु तिच्यातील एक अक्षरही संगणकाला वाचता येत नाही. कागदाची झीज हळूहळू होते व ती डोळ्यांना दिसते. हार्ड डिस्क मात्र पुष्कळदा कोणतीही सूचना न देता एकाएकी मूक होते.

मग तिच्यातील माहिती खरोखरच नष्ट झालेली असते काय? पुष्कळ वेळा ती नष्ट झालेली नसते. तिच्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी बंद झालेली असते. ही वाट पुन्हा कशी उघडली जाते आणि कोणत्या प्रसंगी ती कायमची बंद होते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

तबकडी आणि हेड

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणयंत्रात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या व त्या सर्वांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या पेटीत याच्या लक्षावधी पट मजकूर राहतो. परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. त्या थरातील सूक्ष्म भागांची चुंबकीय दिशा बदलून शून्य आणि एक या दोन अंकांच्या खुणा उमटविल्या जातात. या खुणा उमटविण्याचे व वाचण्याचे काम एका भुजेच्या टोकावर बसविलेले हेड करते.

मोठ्या आकाराच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे जातो. हेड तबकडीला टेकत नाही. ते तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत राहते. मनुष्याच्या केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरांहून अधिक भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल. दिल्लीच्या उन्हाळी वादळातील धुळीचा बारीकसा कणही या फटीच्या तुलनेने पर्वतप्राय ठरतो. म्हणूनच अशी पेटी घरात किंवा दुकानाच्या टेबलावर उघडू नये, असा दंडक आहे.

नोंद आणि मजकूर

ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात आणि त्यांची नोंद सूचिपत्रात असते. सूचिपत्रातील पत्रक फाडून टाकले, तर पुस्तक मागणाऱ्यास ते मिळणार नाही. पण म्हणून पुस्तक कपाटातून नाहीसे होत नाही. हार्ड डिस्कची व्यवस्था काहीशी अशीच आहे. फाईलचे नाव, आकार आणि स्थान यांची नोंद एका तक्त्यात असते व प्रत्यक्ष मजकूर तबकडीवर अन्यत्र असतो. आपण फाईल पुसतो तेव्हा संगणक बहुधा तिच्या नोंदीवर ‘ही जागा मोकळी आहे’ एवढीच खूण करतो. मजकूर जागच्या जागी राहतो. घाईघाईने केलेल्या फॉरमॅटमध्येही बहुतांशी नवा कोरा तक्ता तयार होतो, एवढेच.

यावरून फायली परत मिळविण्याची पहिली रीत सहज समजते. नोंद शाबूत असेल तर तिच्या आधारे मजकूर गोळा करावयाचा. नोंदही गेली असेल तर तबकडीचा प्रत्येक भाग क्रमाने तपासावयाचा. छायाचित्रांच्या व दस्तऐवजांच्या फायलींना आरंभी आपापल्या जातीची ठराविक खूण असते. तिच्यावरून फाईल कोठे सुरू झाली हे ओळखता येते. अशा फायली मिळतात, पण त्यांची मूळ नावे बहुधा मिळत नाहीत; शिवाय मजकूर विखुरलेला असेल तर तुकडे जुळविणे कठीण जाते.

मोकळी म्हणून नोंदलेल्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला गेला, तर मात्र पहिला कायमचा जातो. फाईल हरवल्यावर त्याच डिस्कवर शोधाचा प्रोग्रॅम उतरवून घेणारा मनुष्य पुष्कळदा आपल्याच हाताने ती फाईल बुजवून टाकतो.

यंत्रातील बिघाड

आतापर्यंत डिस्क सुस्थितीत आहे असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात बिघाड यंत्रातही होतो. विजेचा दाब एकदम वाढल्यामुळे डिस्कखालची सर्किटची पाटी जळू शकते. तशाच दुसऱ्या डिस्कची पाटी बसविली की काम झाले, असे पूर्वी चालत असे. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या जुळणीचे आकडे पाटीवरील एका चिपमध्ये साठविलेले असतात. ती चिप नव्या पाटीवर हलविल्यावाचून सहसा भागत नाही.

हेड बिघडले तर डिस्कमधून ठराविक अंतराने ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. अशा वेळी पुनःपुन्हा वीज देऊन पाहणे घातक असते, कारण मोडके हेड तबकडीवर घासून चुंबकीय थरच खरवडून काढते. गेलेला थर कोणत्याही उपायाने परत येत नाही. योग्य उपाय असा, की धूलिमुक्त कक्षात पेटी उघडून त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कमधील हेड काढून येथे बसवावयाचे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या कामाचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे. गुरुग्राम येथे मुख्यालय असलेली स्टेलर ही कंपनी १९९३ साली स्थापन झाली.

जाणता तंत्रज्ञ दुरुस्त केलेल्या डिस्कवर प्रत्यक्ष शोध घेत नाही. तो प्रथम तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. सुस्थितीतील भाग आधी वाचतो, बिघडलेले भाग शेवटासाठी ठेवतो, आणि पुढील सर्व काम त्या प्रतीवरच करतो. आजारी डिस्कच्या अंगी किती फेरे उरले आहेत हे कोणास ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक फेरा कारणी लावावा लागतो.

कोलंबियातील डिस्क

या विद्येची कसोटी पाहणारा एक प्रसंग आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतणारे कोलंबिया हे अंतराळयान वातावरणात फुटून नष्ट झाले व त्यातील सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्यांत कल्पना चावला होत्या. त्यांचे जन्मगाव कर्नाल. हरियाणातील हा जिल्हा आता राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात समाविष्ट आहे. यानावर झेनॉन वायूच्या श्यानतेचा, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा, एक प्रयोग चालू होता. त्यातील काही माहिती उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठविण्यात आली होती. उरलेली एका हार्ड डिस्कवर होती.

टेक्ससमधील अवशेषांत ही डिस्क सापडली तेव्हा ती भाजून काळवंडली होती व आत धूळ शिरली होती. तरीही तबकड्या साफ करून दुसऱ्या पेटीत बसविल्यावर सुमारे ९९ टक्के माहिती हाती आली आणि २००८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मजकूर ज्या भागात होता, तो भाग सुदैवाने वाचला होता. शिवाय त्या संगणकावरील जुनी डॉस प्रणाली मजकूर फारसा विखरून न टाकता सलग लिहीत असे.

नवी साठवण, नवी अडचण

अलीकडच्या संगणकांत तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही; माहिती चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने राहते. धक्क्याला ती हार्ड डिस्कइतकी भीत नाही. परंतु पुसलेल्या फाईलची जागा ती स्वतःच, वापरणाऱ्याच्या नकळत, रिकामी करून ठेवते. त्यामुळे तबकडीवर जी फाईल काही महिन्यांनंतरही मिळाली असती, ती येथे काही मिनिटांतच नाहीशी होऊ शकते. त्यातच मजकूर सांकेतिक लिपीत साठविलेला असेल, तर किल्ली हरवताच चिप शाबूत असूनही काही वाचता येत नाही.

दुसरी प्रत

दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेला, म्हणजेच ‘एम्स’ला, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी याच स्वरूपाचे संकट अनुभवावे लागले. कोणा अज्ञातांनी केलेल्या हल्ल्यात पाच सर्व्हरमधील सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक करून टाकण्यात आली. यंत्रे मोडली नव्हती. तबकड्यांवर ओरखडा नव्हता. तरीही रुग्णांच्या नोंदी वाचता येईनात. बाह्यरुग्ण विभाग, तातडीची सेवा आणि प्रयोगशाळा यांचे काम कित्येक दिवस पुन्हा कागदावर चालवावे लागले. ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती अखेर परत मिळाली, ती हल्ल्यातून बचावलेल्या एका राखीव सर्व्हरवर तिची दुसरी प्रत होती म्हणून.

माहिती परत मिळेल की नाही, हे पुष्कळ अंशी तंत्रज्ञाच्या कौशल्याच्या आधीच ठरून गेलेले असते. बिघाड लक्षात येताच डिस्क बंद करणे, तिच्यावर काहीही न लिहिणे, ती न उघडणे आणि न वाळवता-तापवता जाणत्याच्या हाती देणे, एवढेच मालकाच्या हाती असते. परंतु त्याहून मोठी गोष्ट त्याच्या हाती बिघाडापूर्वी असते. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी, असा सर्वमान्य नियम आहे. प्रत घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहिले पाहिजे. अभिलेखागारातील सेवक जुने बासन सोडतात, कागद तपासतात आणि पुन्हा बांधून ठेवतात. घरातील छायाचित्रांना व हिशेबांना तेवढीच काळजी पुरेशी असते, आणि ती वेळेवर घेणाऱ्यास नेहरू प्लेसची वाट बहुधा धरावी लागत नाही.