आमोरी, मीस आणि कणीस : गोव्यातील शेतकरी ख्रिस्ती स्त्रीचे मरण आणि स्मरण

'कैलासवासी' आणि 'वैकुंठवासी' हे शब्द मराठी मृत्युलेखांत रुळलेले आहेत. त्याच घडणीवर मराठी ख्रिस्ती समाजाने 'ख्रिस्तवासी' हा शब्द घडवला. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत कोकणीतून 'अंतरली' असे म्हणतात. मृत्यू सांगण्यासाठी समाज कोणता शब्द निवडतो, यावरून तो मेलेल्या माणसाला कोठे ठेवू पाहतो हे कळते. सासष्टीसारख्या भातशेतीच्या प्रदेशात जन्मभर लावणी-कापणी केलेली आणि रोज संध्याकाळी तेर्स म्हणणारी बाई जाते, तेव्हा तिची आठवण नेमकी कशात राहते? या लेखात त्याचा विचार करायचा आहे.

प्रथम ती कोठे राहत नाही, ते पाहू. गावच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या गावकरीत, म्हणजे कोमुनिदादीत, हक्क परंपरेने पुरुषवंशातून चालत आले. त्यामुळे ज्या बांधावर तिचे आयुष्य गेले, त्या बांधाच्या जुन्या दप्तरात तिचे नाव सहसा सापडत नाही. थडग्याचाही फारसा भरवसा नाही. चर्चच्या दफनभूमीत जागा थोडी असते. म्हणून काही वर्षांनी तोच खड्डा दुसऱ्यासाठी उघडतात आणि आधीच्या अस्थी काढून वेगळ्या ठेवतात. कायमची फरशी आणि तीवर कोरलेले नाव थोड्यांच्याच वाट्याला येते.

लेखी नोंद राहते ती चर्चच्या वह्यांत. बाप्तिस्मा आणि लग्न यांची नोंद ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये केला आणि मृत्यूची नोंद १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने घालून दिली. शेतकरी बाईचे नाव लिहून ठेवणारी ही बहुधा एकमेव जुनी दप्तरे. पण तीत नाव, तारीख आणि नाते एवढेच मिळते. एकाच वाड्यावर अनेक मारिया असताना यातली आपली कोणती, हे वही सांगत नाही.

बाकीचे स्मरण बोलण्यावर आणि कृतीवर उभे आहे. चर्चच्या घंटेवरून गावाला मरण कळते. घरी शेजारीपाजारी जमून तेर्स म्हणतात. अंत्ययात्रेत कोन्फ्रारीचे सदस्य ओपा-मुर्सा घालून चालतात. मग सातव्या दिवसाचे मीस, महिन्याचे मीस, वर्षाचे मीस. प्रत्येक वेळी तिचे नाव वेदीवरून मोठ्याने उच्चारले जाते. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी दफनभूमी झाडूनपुसून फुले आणि मेणबत्त्या लावतात. तोवर सरद पीक बहुतेक कापून झालेले असते. धान्य घरात आणि माणूस मातीत, असा तो महिना असतो.

याच संदर्भात 'भिकाऱ्यांचे जेवण' या प्रथेकडे पाहावे. घरात लग्न ठरले की आधी गोरगरिबांना बोलावून घरातल्या मृतांच्या नावाने जेवू घालतात. धर्मन्यायालयाच्या १७३६ च्या हुकूमनाम्याने लग्नात ओव्या म्हणण्यावर आणि मरणाच्या वेळच्या अनेक घरगुती रूढींवर बंदी घातली होती. तरीही मृतांच्या नावाने अन्न देण्याची जाणीव पुसली गेली नाही. ख्रिस्ती दानधर्माच्या रूपात ती चालत राहिली. मेलेल्या आजीला नातीच्या लग्नात अशी जागा मिळते.

आता या स्त्रीची भाषा पाहू. मीस, तेर्स, बेसांव (वडीलधाऱ्यांनी द्यायचा आशीर्वाद) हे तिच्या देवघरातले शब्द पोर्तुगीजमधून आले. शेतातले शब्द मात्र इथलेच राहिले : कणीस, लावणी, बांध, खाजन, खाऱ्या पाण्याची ये-जा राखणारी मानस, खारट जमिनीत तग धरणारे कोरगूट भात, पावसाळी सरद आणि हिवाळी वायंगण. धर्म बदलला तरी शेताने आपली भाषा बदलली नाही. संध्याकाळी आमोरीची घंटा होताच हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी हे दोन्ही शब्दसंग्रह एकत्र नांदत होते.

ते एकत्र आणण्याचा साहित्यिक प्रयत्न याच परिसरात झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे छापले गेले. सुमारे ११ हजार मराठी ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द येतो. श्रोत्यांच्या ओळखीच्या शब्दातूनच त्यांना परलोक दाखवावा, अशी ही निवड होती. राशोलच्या शेजारीच असलेल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. धर्मगुरू नव्या कणसांना आशीर्वाद देतात आणि ती घरोघरी नेली जातात. मातीत पडून मेलेला दाणाच पुष्कळ पीक देतो, हा योहानाच्या शुभवर्तमानातला दृष्टांत अशा गावातल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात वसईच्या कॅथलिक शेतकरी समाजाचे उदाहरण तुलनेला घेता येईल. घरात सामवेदी बोली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमध्ये मराठी उपासना, यांमुळे तिथला शोक मराठीतून व्यक्त होतो. गोव्यात तो मुख्यतः कोकणीतून होतो. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच आहे : स्मरण बोलण्यात असेल, तर ती बोली थांबल्यावर त्याचे काय होणार?

हा प्रश्न आज खरोखरच समोर उभा आहे. भातशेते पडीक राहत आहेत आणि अनेक घरांतली प्रार्थना इंग्रजीत होऊ लागली आहे. तिच्या आठवणीला धरून ठेवणारी शेताची भाषा आणि प्रार्थनेची भाषा एकाच पिढीत सैल होत आहे. मीस होईल, नावही वाचले जाईल. पण ते नाव ऐकताना तिचा बांध, तिचे बियाणे, तिने वाफा आणि नवस यांसाठी वापरलेले शब्द कोणाला आठवणार नाहीत.

इथे शिक्षक आणि विद्यार्थी यांना करण्यासारखे काम आहे. घरातल्या किंवा वाड्यावरच्या एखाद्या वृद्धेकडून शेताचे शब्द, प्रार्थनेचे शब्द आणि ती ज्यांच्यासाठी मीस सांगते त्या मृतांची नावे, अशा तीन याद्या लिहून घ्याव्यात. ते तिच्याच उच्चारात, तिच्या परवानगीने आणि ती सांगेल त्या क्रमाने लिहावे. लेखकांना त्यात व्यक्तिचित्रे सापडतील, भाषाभ्यासकांना कोश सापडेल. चर्चची वही तिच्या मरणाची तारीख सांभाळते. ती कशी बोलत होती, हे सांभाळण्याचे काम आपले आहे आणि ते तिच्या हयातीतच करावे लागेल.