डिस्कवरची फाइल विकीच्या पानावर

घरच्या मशीनवर स्वतःपुरती विकी चालवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. रात्रीच्या बॅकअपचा लॉग, एडिटरमध्ये लिहिलेली कामांची यादी, घरखर्चाची सीएसव्ही फाइल हे सगळं त्याच डिस्कवर पडलेलं आहे, मग ते विकीच्या पानावर का दिसू नये? कॉपी-पेस्ट करावं तर दुसऱ्या दिवशी पान शिळं. उदाहरणादाखल डोकूविकी घेऊ. आंद्रेआस गोहर यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ही विकी डेटाबेस वापरत नाही. तिचं प्रत्येक पान म्हणजे ‘डेटा’ फोल्डरातल्या ‘पेजेस’मध्ये ठेवलेली एक साधी टेक्स्ट फाइल. तेव्हा बाहेरची फाइल आत आणणं सोपं असावं असं वाटतं. सोपं आहेही, पण वाटेत चार ठिकाणी ठेच लागते.

बहुतेकांचा पहिला प्रयत्न म्हणजे पानात त्या फाइलची लिंक देणं. लिंक दिसते, पण क्लिक केलं की काहीच घडत नाही. क्रोमचा कन्सोल उघडून पाहिला तर ‘नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. ब्राउझर हे मुद्दाम करतो, कारण वेबवरून आलेल्या पानाने वाचकाच्या डिस्कमध्ये डोकावू नये. शिवाय विकी चालते आतल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर आणि तुम्ही ती उघडलीय मोबाइलवर. ब्राउझरच्या लेखी लोकल डिस्क मोबाइलची, आणि तिथे ती फाइल नाहीच. म्हणून फाइल वाचायची ती सर्व्हरनेच, आणि ब्राउझरकडे जायचं ते तयार एचटीएमएल.

सर्व्हरकडून वाचून घ्यायची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे सिम्लिंक. ‘पेजेस’ फोल्डरात मूळ फाइलकडे बोट दाखवणारी एक लिंक करून ठेवायची. लिंकचं नाव लहान अक्षरांत आणि शेवटी टीएक्सटी असलं पाहिजे. मूळ फाइलचं नाव काही का असेना. डोकूविकीला ते आपलंच पान वाटतं. एडिटरमध्ये फाइल बदलली की पान बदलतं, कारण फाइलची वेळ पुढे सरकलेली तिला कळते. पण याच युक्तीत खोडही आहे. विकी तो मजकूर विकीच्याच व्याकरणाने वाचते. एकटी नवी ओळ तिच्या लेखी नवी ओळ नसते, त्यामुळे बॅकअपच्या लॉगच्या चाळीस ओळी एका परिच्छेदात सलग धावतात. लागोपाठ दोन तिरक्या रेघा आल्या की पुढचा मजकूर तिरका होऊ शकतो. ओळीच्या सुरुवातीला दोन मोकळ्या जागा दिसल्या की तिथे कोडची चौकट उभी राहते. स्वतः विकीच्या खुणा वापरून लिहिलेल्या यादीसाठी सिम्लिंक उत्तम. लॉगसाठी मी ती कधीच सुचवणार नाही.

आणखी एक गोष्ट: त्या फाइलवर वेब सर्व्हरला लिहिण्याची परवानगी असेल, तर ब्राउझरमधून पान ‘सेव्ह’ केल्यावर मूळ फाइलच बदलते. फक्त वाचण्याची परवानगी ठेवली तर विकी संपादनाऐवजी पानाचा मूळ मजकूर नुसता दाखवण्याचं बटण देते. ते बरं.

परवानगीवरच बरेच जण अडकतात. डेबियन-उबुंटूवर वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या युजरच्या नावाने चालतो. फाइल सगळ्यांना वाचायला खुली केली तरी भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात शिरण्याची मुभाही त्या युजरला लागते. उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरचा होम फोल्डर परक्यांना बंद केला, म्हणून आधी चालणारी मांडणी नव्या मशीनवर चालत नाही. टेम्प फोल्डरची गंमत वेगळीच आहे. डेबियनवर अपाचेला सिस्टमडी स्वतंत्र, खासगी टेम्प देते. तुम्ही तिथे ठेवलेली फाइल तुम्हाला दिसते, अपाचेला नाही. विकी डॉकरमध्ये असेल तर कंटेनरला फक्त आत जोडलेले फोल्डर दिसतात. होममध्ये हात न घालता विकीसाठी एक वेगळा फोल्डर करावा, दाखवायच्या फायली तिथेच ठेवाव्यात, आणि डॉकर असेल तर तो फोल्डर केवळ वाचण्यापुरता जोडावा.

लॉग आणि सीएसव्हीसाठी खरा उपाय म्हणजे छोटा सिंटॅक्स प्लगइन. पानात फाइलचं नाव असलेली एक ओळ लिहायची. प्लगइन ती ओळ ओळखतो, फाइल वाचतो आणि मजकूर जसाच्या तसा चौकटीत मांडतो. पीएचपीच्या पन्नास-साठ ओळींत होण्यासारखं काम आहे, पण कॅश समजून घेतल्याशिवाय ते नीट होत नाही.

डोकूविकी पान दोन टप्प्यांत शिजवते. आधी मजकुराचं पृथक्करण करून सूचनांची यादी बनते, मग त्या सूचनांवरून एचटीएमएल. दोन्ही कॅश फोल्डरात साठवले जातात. प्लगइनमध्ये पहिल्या टप्प्याचं फंक्शन ‘हँडल’ आणि दुसऱ्याचं ‘रेंडर’. फाइल ‘हँडल’मध्ये वाचली तर तिचा मजकूर सूचनांतच गोठतो, म्हणून ती ‘रेंडर’मध्ये वाचायची. तरी तयार एचटीएमएल कॅशमध्ये राहतंच. पानाची स्वतःची फाइल बदललेली नसते, त्यामुळे विकीला नवं काही घडल्याचा पत्ता नसतो, आणि मूळ सेटिंगनुसार एक दिवसापर्यंत जुनंच पान मिळू शकतं. पानावर ‘नोकॅश’ची खूण टाकणं हा झटपट इलाज, मग दर वेळी पान नव्याने बनतं. नेटका इलाज म्हणजे कॅश वापरण्याआधी विकी जी हाक देते, ती पकडून आपली फाइल अवलंबित फायलींच्या यादीत घालणं. मग फाइल बदलेल तेव्हाच पान पुन्हा बनतं.

सुरक्षेत दोन जागी ढिलाई चालत नाही. पहिली जागा म्हणजे नाव. पानात लिहिलेल्या नावात ‘एक पायरी वर जा’ सांगणारी दोन टिंबं पुरेशी वेळा घातली, तर प्लगइन विकीची पासवर्डांचे हॅश ठेवणारी फाइलही वाचून दाखवेल. म्हणून आधी फाइलचा खरा, पूर्ण पत्ता काढायचा आणि तो आपल्या ठरलेल्या फोल्डरने, शेवटच्या तिरक्या रेघेसकट, सुरू होतो का ते तपासायचं. ती रेघ विसरली तर ‘नोंदी’ फोल्डराची परवानगी शेजारच्या ‘नोंदी-खासगी’लाही लागू होते. दुसरी जागा म्हणजे मजकूर. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये अनोळखी माणसाने पाठवलेली अक्षरं असतात. त्यात स्क्रिप्ट असेल तर ती तुमच्या लॉगिनखाली तुमच्याच ब्राउझरमध्ये चालेल. कोनी कंस निष्प्रभ करणारं फंक्शन वापरल्याशिवाय एक अक्षरही बाहेर जाऊ द्यायचं नाही.

मोठा लॉग अख्खा वाचला तर पीएचपीची मेमरी संपते. मूळ मर्यादा १२८ एमबी. शेवटचे काही केबी पुरतात. पण मराठी मजकुरात मध्येच उडी मारली तर घोटाळा होतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. उडी त्या तिनांच्या मध्ये पडली की पहिलं अक्षर तुटतं, आणि पीएचपी ८.१ पूर्वी कंस निष्प्रभ करणारं मूळ फंक्शन अशा तुटक्या अक्षरापायी सगळाच मजकूर गिळून रिकामी चौकट द्यायचं. उडीनंतर पहिल्या पूर्ण ओळीपर्यंतचं टाकून द्यायचं, की झालं. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायलींचं दुखणं वेगळं. त्यातली अक्षरं युनिकोड नाहीतच, त्या आधी बदलून घ्याव्या लागतात.

प्लगइनने दाखवलेला मजकूर मात्र विकीच्या शोधात सापडत नाही, कारण शोधाची सूची पानाच्या मूळ मजकुरावरून बनते आणि तिथे फक्त फाइलचं नाव असतं. जुन्या आवृत्त्यांतही तेवढंच नाव. मागच्या महिन्याचा घरखर्च पाहायचा असेल, तर त्या फायलींचा फोल्डर गिटमध्ये ठेवावा लागेल.