उजनीचा सरकता किनारा : बारामती-इंदापूरची जलयात्रा

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांपासून समुद्र बराच लांब. तरीही इथे किनारा आहे, होड्या आहेत, कोळीवस्त्या आहेत आणि हिवाळ्यात कुरवांचे थवेही येतात. हा किनारा माणसाने घडवला. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी गावाजवळ भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याची उत्तर सीमा पाण्याने रुंदावली. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात, पण बोलताना सगळे ‘उजनी’च म्हणतात. नीरा डाव्या कालव्यावरच्या माळेगाव बुद्रुकहून बारामतीमार्गे भिगवणला जाणे सकाळच्या एका फेरीत सहज जमते.

या किनाऱ्याचा स्वभाव समजला नाही तर सहल फसते. पाऊस भरपूर झाला की पाणी थेट शेतांच्या बांधाला टेकते. उन्हाळ्यात ते पार आत सरकते आणि मागे चिखलाची सपाट पट्टी उघडी पडते. पक्ष्यांचा खरा मेळा या पट्टीवर भरतो. उथळ पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव हे रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, खाद्य. चोच उलटी करून ते चिखल गाळतात. काठोकाठ भरलेल्या धरणात त्यांचे पाय टेकत नाहीत, म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ते उशिरा येतात. दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून त्यांच्यासाठी निघणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. साधारण जानेवारी ते मार्च हा भरवशाचा काळ.

पक्षीनिरीक्षणाची मुख्य ठिकाणे भिगवणच्या आसपास, कुंभारगाव आणि डिकसळ इथे आहेत. मासेमारी करणारी मंडळीच पर्यटकांना होडीतून नेतात आणि त्यांतले बरेच जण पक्षी नावानिशी ओळखतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, तपकिरी डोक्याचे कुरव, नदी सुरय, थापट्या, तलवार बदके, शेकाटे, मोर शराटी आणि पाण्यावर सूर मारून मासा उचलणारा कैकर अशी लांबलचक यादी एका सकाळीत डोळ्यांखालून जाते. पट्टकादंब रानात चरायला उतरतात; शेतकऱ्याला त्यांचे तेवढे कौतुक वाटत नाही, हेही खरे. जवळच्या भादलवाडी तलावावर चित्रबलाकांची वीण होते. पहाटे लवकर निघावे, थव्याच्या फार जवळ होडी नेण्याचा आग्रह धरू नये आणि फोटोसाठी पक्षी उडवायला सांगू नये.

होडीत बसताना लाइफ जॅकेट घालणे ही औपचारिकता नव्हे. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. जलाशय रुंद आहे, त्यामुळे वळवाच्या दिवसांत दुपारनंतर लाटा झपाट्याने उठतात.

पाण्याखाली गेलेल्या गावांच्या खुणाही इथल्या पाहण्यासारख्या गोष्टींत मोडतात. पळसदेवचे पळसनाथाचे जुने दगडी मंदिर एरवी बुडालेले असते. पाणी फार खाली गेलेल्या उन्हाळ्यात ते उघडे पडते आणि लोक चालत किंवा होडीने दर्शनाला जातात. मंदिराचे दिसणे पाहुण्यांना पर्वणी वाटते, पण त्या वर्षी पाण्याची टंचाई असते. डिकसळचा इंग्रजकालीन पूल मुळात रेल्वेचा. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये इथवर पोचला होता. धरणामुळे लोहमार्ग हलवला गेला आणि पूल रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला.

जेवण म्हणजे मासे. भिगवणचा मासळीबाजार आणि पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या खाणावळी यांचे नाते घट्ट आहे. कटला, रोहू, मरळ, वाम आणि चिलापी हे इथले नेहमीचे मासे. त्यांतली चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती स्थानिक जातींना मागे सारून जलाशयभर पसरली आहे. पाणी मात्र निवळशंख नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत उतरते, त्यामुळे कडेचे पाणी अनेकदा हिरवट दिसते. पोहण्याचा मोह टाळावा.

दक्षिणेकडचा किनारा नीरेचा, आणि तो भाविकांचा. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर या वाटेने सराटीला येते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण, आणि सराटीला पादुकांना नीरास्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा-भीमा संगमावर नरसिंहपूर आहे. इथला लक्ष्मी-नृसिंह अनेक घराण्यांचे कुलदैवत असून वैशाखातल्या नृसिंह जयंतीला मोठी गर्दी होते. घाट शांतपणे बघायचा असेल तर ते दिवस टाळलेले बरे.

कऱ्हेचा काठ यांच्या मानाने किरकोळ, बहुतेक वर्षभर कोरडाच. तरी अष्टविनायकांतले मोरगाव याच नदीवर आहे, आणि बारामतीत तिच्याच काठी कवी मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण गवताळ माळावर चिंकारा हमखास दिसतो.

माळेगाव परिसरात ऊसच मुख्य. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रस्त्यावर जपून चालावे लागते. ऊसतोड, गुऱ्हाळ, हुरडा आणि शिवारफेरी हे अनुभव पाहुण्यांना देण्याचा कृषिपर्यटनाचा प्रयोग बारामती तालुक्यातच पळशीवाडी इथे २००५ च्या सुमारास सुरू झाला. मुक्कामी राहणाऱ्याने हिवाळ्यातली एक पहाट भिगवणला आणि दुसरी शिवारात घालवावी; मंदिरांसाठी दुपार पुरते.