स्वस्त तिकीट? आधी घरापर्यंतचा हिशेब करा!

दिवाळीची सुट्टी मंजूर झाली रे झाली, की ऑफिसात एकच उद्योग सुरू होतो. एका विंडोत एक्सेल शीट, दुसरीत विमानाचे रेट. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या वर्धेकरांचा तर हा वार्षिक कार्यक्रमच. 'आठशे रुपये वाचवले बॉस!' म्हणत क्लिक होतं. खरा खर्च कळतो तो रात्री साडेअकराला, नागपूर विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याशी घासाघीस करताना.

वर्ध्याला प्रवासी विमानसेवा नाही. आपलं विमानतळ नागपूरचं, साधारण 75 किलोमीटरवर. त्यामुळे फंडा सिंपल आहे: भाव नागपूरपर्यंतचा बघू नका, घराच्या दारापर्यंतचा बघा.

भाव वाढतो कसा?

2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली आणि 1 रुपयाच्या तिकिटाने मध्यमवर्गाला वेड लावलं. पण तशा सीट्स मोजक्याच असायच्या. एअर डेक्कन पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली, किंगफिशरही 2012 मध्ये जमिनीवर आली. गणित मात्र तेच राहिलं. एकाच विमानातल्या सारख्याच सीट्स वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागलेल्या असतात. खालचा गट संपला, की पुढचा भाव लागतो. म्हणून दिवाळीचं तिकीट तारीख पक्की होताच काढलेलं बरं. शेवटच्या आठवड्यात चमत्कार होईल, या आशेवर राहू नका. 'मंगळवारी रात्री बुक कर, स्वस्त मिळतं' हा ऑफिसातला सल्लाही हसून सोडून द्या. बुक कधी करता यापेक्षा उडता कधी, याने जास्त फरक पडतो. सणाच्या आदल्या दिवसाऐवजी दोन दिवस आधी निघून बघा!

पेन घ्या, बेरीज करा

समजा, पुणे-नागपूरची दोन तिकिटं दिसताहेत. रात्री साडेअकराला उतरणारं 4,200 चं आणि दुपारी उतरणारं 5,000 चं. पहिलं स्वस्त वाटतं ना? आता रात्रीच्या टॅक्सीचे 2,500 धरा. झाले 6,700. दुपारवाल्याला एसटी आणि रिक्षाचे 300 धरले तरी 5,300. शिवाय घरी आई-बाबा जागत बसत नाहीत, हा बोनस.

एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. विमानतळ नागपूरच्या वर्धा रोडलाच लागून आहे. म्हणजे दिवसा उतरलात तर वर्ध्याकडे निघायला शहरातल्या ट्रॅफिकमध्ये शिरावं लागत नाही. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर एअरपोर्ट नावाचं स्टेशनही आहे.

बेरजेत बॅगही धरा. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर चेक-इन बॅगेला साधारण 15 किलोची मर्यादा असते. फराळाचे डबे घेऊन परतणाऱ्यांनी जास्तीचं वजन आधीच ऑनलाइन घ्यावं, काउंटरवर ते महाग पडतं. आणि बेरीज फारच फुगली, तर विदर्भ एक्स्प्रेस आहेच. जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्गही वर्धा जिल्ह्यातूनच जातो.

परदेशी निघालात?

इथे चूक महागात पडते. मुंबईहून परदेशाचं तिकीट नागपूरपेक्षा स्वस्त दिसतं, म्हणून अनेक जण नागपूर-मुंबई वेगळं काढतात. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते. तुमची सीट गेली, पैसेही गेले. बॅगही मुंबईत घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. एकाच बुकिंगवरचं तिकीट थोडं महाग असलं, तरी कनेक्शन चुकल्यास पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. बॅगेचं वजनही सहसा आंतरराष्ट्रीय हिशेबाने मिळतं. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आई-बाबांसाठी हा फरक हजारो रुपयांहून मोठा आहे.

आता आणखी एक भानगड. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली. उतरणार नवी मुंबईला आणि पुढचं विमान सहारहून, असं कॉम्बिनेशन 'चीपेस्ट' म्हणून समोर येऊ शकतं. मधलं अंतर रस्त्याने कापायचं आहे, हे विसरू नका. वेगळी तिकिटं काढायचीच असतील, तर आदल्या दिवशी मुंबई गाठा.

क्लिक करण्यापूर्वी

- तुलना साइटवर करा, पण शेवटचा भाव कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही बघा. कन्व्हिनियन्स फी शेवटच्या पानावरच दिसते.
- सीट निवडण्याचे पैसे देणं सक्तीचं नसतं. वेब चेक-इनच्या वेळी मिळेल ती सीट चालत असेल, तर तो कॉलम सोडून द्या.
- नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. परदेशासाठी पासपोर्टवरचं.
- 'नॉन-रिफंडेबल' तिकीट रद्द केलंत किंवा विमान चुकलं, तरी सरकारी टॅक्स आणि विमानतळाची युजर डेव्हलपमेंट फी परत मिळायला हवी, असा डीजीसीएचा नियम आहे. मागितल्याशिवाय सोडू नका.

स्वस्त तिकीट म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात छोटा आकडा नव्हे. घरी पोचून चपला काढल्यावर पाकिटात जे उरतं, ते तुमचं खरं डील!