काकडी निर्दोष, चमचा गुन्हेगार

एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. तेवढ्याच कॅलरी काकडीतून मिळवायच्या तर 800 ग्रॅम काकडी चावत बसावं लागेल. तोच चमचा मेयोनेजचा भरला तर 90 ते 100, आणि लिंबाच्या रसाचा भरला तर जेमतेम 4. रोज सॅलड खाऊनही वजनकाटा हलत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी काकडी-टमाटरावर आळ घेऊ नये. चौकशी करायची ती त्यावर काय ओतलं याची.

धरणावरचं ड्रेसिंग

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर इटियाडोहचं मातीचं धरण आहे. ते 1970 मध्ये पुरं झालं. पावसाळ्यात सांडवा वाहू लागला की तिथे माणसांची रीघ लागते आणि भुट्ट्यांच्या शेगड्या पेटतात. भुट्टेवाली काय करते ते नीट बघा. अर्धं लिंबू तिखट-मिठाच्या वाटीत दाबते, दाण्यांच्या ओळींवरून वर-खाली दोनदा घासते, मध्येच लिंबू किंचित पिळते. दाणे गरम असल्यामुळे रस लागताच तिखटाचा वास उठतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला पाणी सुटतं. आंबट, खारट, तिखट, शिवाय गिऱ्हाइकासमोर ताजं केलेलं. तेलाचा थेंब नाही. कॅलरी दोन-तीनच्या वर जायच्या नाहीत. हॉटेलवाल्यांनी याला इटालियन नाव देऊन काचेच्या वाटीत दिलं असतं तर वेगळे पैसे लागले असते.

आता गंमत ऐका. पाकिटावर ‘लो कॅलरी’ लिहायचं असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या नियमांनुसार पातळ पदार्थात 100 मिलिलीटरमागे 20 कॅलरींपेक्षा जास्त असून चालत नाही. लिंबाच्या रसात असतात 22 ते 25. म्हणजे सरकारी परीक्षेत आपलं लिंबू दोन-चार मार्कांनी नापास! अर्थात 100 मिलिलीटर लिंबाचा रस कोणी सॅलडवर ओतत नाही. कॅलरी बघताना पदार्थाइतकंच मापही बघायचं असतं, ते यासाठी.

मापावरून आठवलं. धरण पुरं झालं त्याच वर्षी, 1970 मध्ये, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक बाजारात आलं आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींच्या हाती वाटी-चमच्याचं माप आलं. कोशिंबिरीत दाण्याचा कूट ‘अंदाजे’ पडला की काय होतं याचा हिशोब सोपा आहे. एक मोठा चमचा कूट, म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास, 55 ते 60 कॅलरी. आपण घालतो तीन चमचे, तेही शीग लावून. वर फोडणीचं तेल, चिमूट म्हणून घातलेली चमचाभर साखर. काकडी बिचारी त्यात नावापुरती. कूट घालूच नका असं माझं म्हणणं नाही, कूट नसलेली कोशिंबीर ही शिक्षा आहे. पण जाडसर कुटलेला एकच चमचा अगदी शेवटी घातला, तर दाताखाली येतो आणि तीन चमच्यांचा भास होतो.

बांधीतलं मेयोनेज

धान निघालं की इकडच्या बांध्यांमधल्या ओलीवर लाखोरी, हरभरा आणि जवस येते. जवसाची चटणी भाकरीशी खाणं विदर्भाला नवीन नाही. नवीन आहे ते तिचं दुसरं काम. जवसाच्या सालीत बुळबुळीत डिंकासारखा पदार्थ असतो. दळलेली जवस पाण्यात पडली की तो सुटतो आणि पाणी दाट होतं. जे काम मेयोनेजमध्ये अंड्याचा बलक आणि भरमसाट तेल मिळून करतात, त्यातलं दाटपणाचं काम ही पूड फुकटात करते.

करून बघायचं असेल तर भाजून दळलेली जवस दोन छोटे चमचे, अर्धी वाटी ताक, एका लिंबाचा रस, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, तिखट, मीठ. घुसळा आणि दहा मिनिटं विसरा. चमच्याला धरून राहील इतपत दाट होतं. चौघांना पुरतं आणि सगळ्याच्या मिळून कॅलरी मेयोनेजच्या एका चमच्यापेक्षा कमी. जवस अख्खी घालू नका. अख्खा दाणा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यातल्या ओमेगा-3चा उपयोग शून्य. आणि दळून महिनोन्‌महिने ठेवूही नका, पुडीला खवट वास येतो.

याच भागाचा दुसरा ऐवज म्हणजे घोळाना. मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरायची, मीठ, तिखट, थोडा कूट आणि वरून कच्चं तेल, मग हाताने घोळायचं. इथे कच्च्या तेलाची धार सुटते तीच महागात पडते. बाटलीऐवजी छोटा चमचा वापरला तर 40-45 कॅलरींत काम होतं. आवडत असेल तर सांबार भरपूर घाला (पुण्या-मुंबईकडच्यांनी घाबरू नये, सांबार म्हणजे कोथिंबीर). तो हिशोबात धरायचीही गरज नाही.

मोमोला मेयोनेज कोणी लावलं?

गोठणगावजवळच नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 मध्ये वसलेली. मोमो भारतभर पोचले ते तिबेटी आणि नेपाळी स्वयंपाकघरांतून. शहरांतल्या गाड्यांवर पोचल्यावर मात्र त्यांच्याशेजारी पांढऱ्या मेयोनेजचा गोळा येऊन बसला. तिबेटी घरात मोमोबरोबर सेपेन असतं. लाल मिरची, टमाटर, लसूण, आलं, मीठ, वाटून किंवा थोडं शिजवून. तेल नाही किंवा नावाला. काकडी, मुळा, पत्ताकोबी यांच्यावर चमचाभर सेपेन घालून बघा. शेजारच्या वसाहतीतलं हे ड्रेसिंग आपल्या भेदरं-लसणाच्या (भेदरं म्हणजे टमाटर) ठेच्याचं सख्खं भावंड निघेल. कॅलरी 5-10.

मेयोनेजचं आणखी एक प्रकरण. 2024च्या ऑक्टोबरअखेर तेलंगणा सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली. विषबाधा होत होत्या म्हणून, कॅलरींसाठी नव्हे. आपल्याकडच्या किराणा दुकानात मिळतं ते बहुधा बिनअंड्याचं. बिनअंड्याचं म्हणजे बिनतेलाचं, असा सोयीस्कर समज मात्र पुष्कळांचा असतो.

पाकीट उलटं करा

समोरच्या बाजूला हिरवं पान आणि ‘लाइट’ असं छापलेलं असतं. खरी बातमी मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी भागतं. तेल पहिलं असेल तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नका. ‘लो फॅट’ हा शब्द कायद्याने बांधलेला आहे, घट्ट पदार्थात 100 ग्रॅममागे जास्तीत जास्त 3 ग्रॅम चरबी. पण ‘आमच्याच नेहमीच्या मालापेक्षा कमी’ एवढाच दावा असेल तर 25 टक्क्यांचा फरक पुरतो. 700 कॅलरींच्या मेयोनेजचे 525 झाले की हा दावा करता येतो. मेयोनेजच्या मानाने हलकं, वरणाच्या मानाने भारीच.

चरबी काढली की चव पडते. मग साखर, मीठ आणि स्टार्च आत येतात. दाटपणासाठी बहुतेक बाटल्यांत 415 हा आकडा दिसेल. हा झँथन गम. जिवाणूंना साखर खाऊ घालून तो बनवतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे जिवाणू कोणते? पत्ताकोबीच्या पानांवर काळी कूज आणणारे! ज्याने कोबीचं पीक बुडवलं त्याच्याच कारखान्यातला माल आपण कोबीच्या सॅलडवर ओततो.

परदेशी नावांच्या कुळकथा तर याहून भारी. सीझर सॅलडचा ज्युलियस सीझरशी काडीचा संबंध नाही. ते 1924 मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआना गावी सीझर कार्डिनी नावाच्या हॉटेलवाल्याने जमवलं. अमेरिकेचं लाडकं रँच ड्रेसिंग अलास्कात राबणाऱ्या स्टीव्ह हेन्सन या प्लंबरचं, आणि 1972 मध्ये ते विकत घेतलं क्लोरॉक्सने, म्हणजे कपड्यांचं ब्लीच विकणाऱ्या कंपनीने.

शून्य तेल? थांबा

एवढं वाचून कोणी तेलाची बाटली माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात 2004 साली एक प्रयोग झाला. पालक, लेट्यूस, टमाटर, गाजर यांचं सॅलड तीन प्रकारे दिलं, बिनचरबीच्या, थोड्या तेलाच्या आणि भरपूर तेलाच्या ड्रेसिंगबरोबर. बिनचरबीचं खाल्ल्यावर गाजर-टमाटरातलं कॅरोटिन रक्तात जवळजवळ उतरलंच नाही. ही रंगद्रव्यं चरबीत विरघळतात, तेल नसेल तर आली तशी निघून जातात. गाजराच्या कोशिंबिरीवर आजी हिंग-मोहरीची फोडणी ओतायची, तिने हा प्रयोग वाचला नव्हता.

फोडणीचं दुसरंही गणित आहे. हिंग, जिरं, गोडलिंब (म्हणजे कढीपत्ता) यांचा वास पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. म्हणून एका छोट्या चमच्याची कडकडीत फोडणी अख्ख्या भांड्याला पुरते आणि तेच तेल कच्चं ओतलं तर चार चमचे घालूनही जीभ गप्प. कमी कॅलरीत जास्त चव हवी असेल तर फोडणीला तोड नाही, हे मी कोणत्याही आयात बाटलीसमोर म्हणायला तयार आहे.

मोहरीचा स्वभाव मात्र दुहेरी. गरम तेलात तडतडली की ती खमंग होते, पण नाकात जात नाही. नाकात जाणारा झटका हवा तर मोहरी पाणी घालून फेसावी लागते. दाणा फुटून पाणी मिळालं की त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि तो झणका तयार होतो. उष्णतेने तेच विकर निकामी होतं. चक्का म्हणजे टांगलेलं दही, त्यात फेसलेली मोहरी, मीठ, मिरची, सांबार. मोठ्या चमच्याला 15-20 कॅलरी, आणि मेयोनेजची आठवणही येत नाही.

राहता राहिला क्रम, त्यात बहुतेकांची कोशिंबीर बुडते. मीठ आधी घातलं की ते काकडीतलं पाणी ओढून घेतं, ड्रेसिंग पातळ होतं आणि मग दाट करायला पुन्हा कूट, पुन्हा दही. म्हणजे पुन्हा कॅलरी. पानांचं उलटं. पानावर मेणाचा पातळ थर असतो. आंबट पाणी त्यावरून घरंगळतं, तेल मात्र आत मुरतं आणि पान मलूल होतं. तेव्हा मेथीला तेल ताटं वाढल्यावर, काकडीला मीठ पहिला घास घ्यायच्या आधी. लिंबू कधीही चालतं.