तळ्याच्या काठावरच कळणार माशांना काय झालंय. ही झटपट चाचणी चालते तरी कशी?

सकाळी तळ्यावर जावं आणि पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसावेत. मत्स्यशेती करणाऱ्याला याहून वाईट दृश्य नसतं. काल आठ-दहा होते, आज शंभर. मग नमुने प्रयोगशाळेत पाठवले जातात. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तोवर अर्धं तळं रिकामं झालेलं असतं.

या हातातून निसटणाऱ्या दिवसांवरच जगभर काम सुरू आहे. प्रयोगशाळाच तळ्यावर न्यायची, अशी ही कल्पना आहे.

नुसतं बघून आजार कळत नाही का?

बऱ्याचदा नाही. मासा सुस्त झाला, काळपट पडला, कल्ल्यांचा रंग उडाला, ही लक्षणं विषाणूमुळे दिसतात तशी जिवाणूमुळेही दिसतात. कधी तर आजार नसतोच. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. तिथे औषध नाही, एरेटर लागतो.

चुकीचा अंदाज इथे महागात पडतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही. तरी ते तळ्यात टाकलं, तर पैसे पाण्यात जातात आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार व्हायला मदत होते.

चिलापीचा विषाणू

तिलापिया, म्हणजे उजनीच्या ताटातली आपली चिलापी. हा मासा काटक म्हणून ओळखला जातो. पण २००९ च्या सुमारास इस्रायलमध्ये तिलापिया मोठ्या संख्येनं मरू लागले. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, तो एक नवाच विषाणू होता. त्याला नाव मिळालं 'तिलापिया लेक व्हायरस'. काही ठिकाणी त्यानं तळ्यातले ९० टक्क्यांपर्यंत मासे मारले. भारतातही पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये तो सापडला. माणसाला त्यापासून आजार होत नाही, पण शेतकऱ्याचा हंगाम जातो.

हा विषाणू मत्स्यबीजातूनही प्रवास करतो. २०१७ मध्ये संशोधकांनी इशारा दिला होता की, ४० हून अधिक देशांत बाधित पिल्लं पोचलेली असू शकतात.

मग चाचणी कशी होते?

कोविडच्या काळात सगळ्यांना पाठ झालेली पीसीआर चाचणीच इथेही वापरतात. माशाच्या यकृताचा किंवा मेंदूचा तुकडा घेऊन त्यात विषाणूचा अंश शोधतात. पीसीआरमध्ये नमुना वारंवार तापवावा आणि थंड करावा लागतो. त्यासाठी महागडं यंत्र आणि स्थिर वीज लागते.

यावर उपाय म्हणजे 'लॅम्प' पद्धत. ती २००० साली जपानी संशोधकांनी मांडली. यात तापमान एकच, साधारण ६० ते ६५ अंश. पाणी तेवढं गरम ठेवणारं साधं उपकरणही चालतं. साधारण तासाभरात नळीतल्या द्रावणाचा रंग बदलला की समजायचं, आजार आहे.

दुसरा प्रकार पट्टीचा. घरच्या प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी, त्यावर थेंब टाकायचे आणि काही मिनिटांत रेघ उमटते का ते पाहायचं. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी अशा पट्ट्या तयार झाल्या आहेत. पण विषाणू अगदी कमी असेल तर पट्टी त्याला चुकवू शकते.

तिसरा प्रकार पाठीवरच्या पिशवीतला. मलेशियात मुख्यालय असलेल्या 'वर्ल्डफिश' संस्थेनं 'लॅब इन अ बॅकपॅक' हा प्रकल्प राबवला. त्यात खिशात मावणारं जनुकवाचक यंत्र असतं. ते लॅपटॉपला जोडायचं. आजार कोणता, एवढ्यावर न थांबता त्याचा वाणही त्यातून कळतो. स्थानिक लस बनवताना ही माहिती कामी येते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण नमुन्याची. एक मासा तपासून तळं निरोगी ठरत नाही. तळ्यातले १० टक्के मासे बाधित असतील, तर ९५ टक्के खात्रीनं आजार पकडायला साधारण ३० मासे तपासावे लागतात. बाधित फक्त २ टक्के असतील तर १५०. म्हणून एकच चाचणी निगेटिव्ह आली की निश्चिंत होणं धोक्याचं.

दुसरी अडचण हाताळणीची. लॅम्प इतकी संवेदनशील असते की, आधीच्या नळीतला कणभर अंश उडाला तरी खोटा पॉझिटिव्ह येतो. म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर प्रयोगशाळेत खात्री करावीच लागते. भारतात २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर देशव्यापी पाळत ठेवणारा कार्यक्रम सुरू आहे. लखनौची एनबीएफजीआर ही संस्था त्याचा समन्वय पाहते. २०२३ मध्ये आजाराची माहिती थेट कळवण्यासाठी 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अ‍ॅपही आलं.

पॉझिटिव्ह आलं तर?

अनेक विषाणूंवर औषध नाही. मग चाचणीचा फायदा काय? फायदा शेजारच्या तळ्याला होतो. जाळी आणि बादल्या दुसरीकडे न्यायच्या नाहीत, पाणी बाहेर सोडायचं नाही, जिवंत मासे विकायचे नाहीत आणि मेलेले खोल पुरायचे. हे पहिल्याच दिवशी झालं तर साथ तिथेच थांबू शकते.

आणि खरा उपयोग त्याही आधीचा आहे. बोटुकली तळ्यात सोडण्यापूर्वीच तपासली, तर मेलेले मासे मोजण्याची सकाळ टाळता येऊ शकते.